ताराबाई मोडक आणि आपली तळमजल्यावरची खोली

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर लिहायचे ठरवले होते. सात वर्षे मी खजिनदार होतो, त्यामुळे सिंकिंग फंडापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळे आकडे मला तोंडपाठ आहेत. घरी सुनेला विषय सांगितला. ती म्हणाली, बाबा, स्मरणिका लोक जेवल्यावर चाळतात, आणि तुमचा लेख वाचून झोपतील. मग मी विषय बदलला. पण जमाखर्च पूर्ण सुटला नाही, तो या लेखात मधूनमधून येईलच. जित्याची खोड!

हा लेख कै. ताराबाई मोडक यांच्यावर आहे. आपल्यापैकी जुन्या मंडळींनी त्यांचे नाव ऐकले असेल. नव्या पिढीने बहुधा ऐकलेले नाही. पण आपल्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांची मुले ज्या अंगणवाडीत जातात, तिच्या नावामागे आणि कल्पनेमागे ही बाई आहे. शिवाय तिचे सगळ्यात मोठे काम आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात झाले. २०१४ साली पालघर वेगळा झाला म्हणून डहाणू-बोर्डी आता आपल्या जिल्ह्यात नाहीत, एवढेच. आपल्या कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावरून वसईकडे जाणारी गाडी पकडली की पुढे तोच रस्ता डहाणूला जातो.

आता हे आत्ताच का सुचले, तेही सांगतो. जूनच्या सभेत तळमजल्यावरच्या खोलीवरून जे झाले ते सर्वांना माहीत आहे. मूळची बिल्डरच्या साइट ऑफिसची खोली, नंतर गणपतीच्या मखराची, मोडक्या खुर्च्यांची आणि उरलेल्या टाइल्सची. एका बाजूचे म्हणणे, ती एटीएमला भाड्याने द्या, मेंटेनन्सला हातभार लागेल. तरुण मंडळींना जिम हवी. आणि बी विंगमधल्या तीन भगिनींनी अर्ज दिला की तिथे सकाळचे तीन तास बालवाडी चालवू द्या. आपली लहान मुले, आपल्याकडे काम करणाऱ्या बायकांची मुले आणि वॉचमनची मुलगी, सगळी एकत्र. अर्जासोबत त्यांनी एका दुकानदाराचे कोटेशन जोडले होते. रंगीत प्लास्टिकची टेबले-खुर्च्या, घसरगुंडी, लाकडी ठोकळ्यांचे संच, शैक्षणिक साहित्य, गालिचा, सगळे मिळून १,४६,५०० रुपये.

मी उभा राहिलो आणि विरोधात बोललो. जोरात बोललो. रौप्यमहोत्सवी निधीतून असा खर्च मुळीच परवडणार नाही, असे आकड्यांसह सांगितले. टाळ्याही मिळाल्या. विषय पुढच्या वार्षिक सभेवर ढकलला गेला. घरी आलो आणि रात्री झोप लागेना. कारण हेच भाषण, जवळजवळ याच शब्दांत, मी चाळीस वर्षांपूर्वी माझ्या बायकोसमोर केले होते. तेव्हाही आकडे माझ्याच बाजूला होते.

तो भाग पुढे येईल. आधी ताराबाई.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजातले नावाजलेले कार्यकर्ते, आणि आई उमाबाई यांचा हा पुनर्विवाह होता. त्या काळात पुनर्विवाहितांच्या घराशी लोक जेवणखाण सोडाच, बोलणेसुद्धा टाळत. तेव्हा लोकांनी नाके मुरडली तरी आपले काम चालू ठेवायचे, हे शिक्षण ताराबाईंना घरातूनच मिळाले असणार, असे माझे मत आहे. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या सालात मराठी घरातली किती मुलगी बी.ए. होती, हे आपल्या आजीला-पणजीला आठवून पाहावे.

अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचे लग्न झाले. संसार टिकला नाही, १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. कारणांच्या खोलात मी जात नाही. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पदरी लहान मुलगी, आणि समाज १९२१ सालचा. एवढे सांगितले तरी पुरे. त्यांनी राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या स्त्रियांच्या महाविद्यालयात प्राचार्यपदाची नोकरी धरली. पगार चांगला, मान मोठा. आमच्या भाषेत सांगायचे तर कायम नोकरी, पेन्शनची सोय.

आणि ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या.

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाच्या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसे शिकवावे म्हणून वाचायला लागले, माँटेसरीबाईंचे पुस्तक हाती आले आणि वकिली सुटली. गुजरातेत त्यांना लोक लाडाने मिशीवाली आई म्हणत. ज्या काळात शाळा म्हणजे छडी, आणि पाच वर्षांच्या आतले मूल म्हणजे घरात लुडबुड करणारे काहीतरी, त्या काळात या मिशाळ गृहस्थाने मुलांना मारायचे नाही, भीती घालायची नाही, गोष्टी सांगायच्या, हाताने करू द्यायचे, असे सांगायला सुरुवात केली. ताराबाई तिथे राहिल्या आणि त्यांच्या बरोबरीने काम करू लागल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. गुजरातीत आणि पुढे मराठीत शिक्षण पत्रिका निघाली. मराठी बाई गुजरातीत लिहिते, बोलते, शिक्षिका घडवते, हे त्या काळी कोणाला विशेष वाटले नसावे. आज वाटेल.

इथे जरा थांबून माँटेसरीबाईंचे एक सांगायला हवे, कारण त्याचा आपल्या सोसायटीशी थेट संबंध आहे. मारिया माँटेसरी इटलीतल्या डॉक्टर. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत उघडले. कुठे, तर कामगारांच्या भाड्याच्या इमारतीतल्या एका खोलीत. आईबाप कामावर जात, मोठी भावंडे शाळेत, आणि मागे राहिलेली बारकी पोरे दिवसभर जिन्यात हुंदडत, भिंती खराब करत. इमारतीच्या मालक कंपनीने हिशेब केला की रंगरंगोटी आणि दुरुस्तीवर खर्च करत बसण्यापेक्षा एक खोली देऊन मुलांकडे बघायला एक बाई ठेवलेली बरी. ज्या पद्धतीच्या नावाने आज हजारोंची फी घेतली जाते, ती मुळात एका इमारतीच्या मेंटेनन्सचा खर्च वाचवण्यासाठी निघाली! हे मला सभेच्या आधी आठवले असते तर बरे झाले असते.

माँटेसरीबाईंचे साहित्य मात्र महाग. ते मोजून-मापून, उत्तम लाकडात, पॉलिश करून बनवायचे. उदाहरणार्थ दट्ट्यांचा ठोकळा. एका लांब लाकडी ठोकळ्यात दहा भोके, प्रत्येकात बसणारा एकेक दट्ट्या, कोणी जाड, कोणी बारीक. मुलाने सगळे काढायचे आणि परत बसवायचे. एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि बसत नाही. म्हणजे चूक झाली हे बाईंना सांगावे लागत नाही, मुलाला आपोआप कळते आणि ते परत पहिल्यापासून लागते. बँकेत आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बॅलन्सिंग करत बसायचो, ते याहून वेगळे काही नव्हते. एका पैशाचा फरक आला तरी खातेवही आपल्याकडे बघत बसते, साहेबाने ओरडायची गरज नसते.

ही गंमत लाकडात नाही, ती चुकीची जागा दाखवण्यात आहे, हे ज्याला कळले त्याला महाग साहित्याची भीती उरत नाही. ताराबाईंना ते कळले होते. पण लगेच नाही.

भावनगर सोडून त्या मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे वर्गही होते. दादरची शिकलेली मध्यमवर्गीय घरे, मुलांना डबा, स्वच्छ फ्रॉक, वेळेवर पोचवणारे आईबाप. काम नावारूपाला आले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः मद्रासला आल्या आणि युद्ध सुरू झाल्यामुळे अनेक वर्षे भारतातच अडकल्या. बालशिक्षणाची चर्चा एकदम वाढली. कुणीही म्हणाले असते की ताराबाईंनी आता दादरला बसून मानसन्मान घ्यावा.

त्यांच्या मनात मात्र वेगळेच सलत होते. देश खेड्यात राहतो आणि बालमंदिरे शहरात. ज्याला सगळे मिळते त्याच्याच मुलाला हेही मिळते. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव होताच. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी आपला मुक्काम बोर्डीला हलवला. त्रेपन्नाव्या वर्षी आमच्यातले कित्येक स्वेच्छानिवृत्तीची स्कीम कधी येते याची वाट बघत होते, त्यात मी पण होतो, खोटे कशाला बोलू!

बोर्डी म्हणजे समुद्रकाठचे, सुरूच्या आणि चिकूच्या बागांचे गाव. घोलवड स्टेशनला उतरायचे. आचार्य भिसे यांच्या शाळेमुळे गावाला शिक्षणाचे वळण होते. पण गावाच्या कडेला आणि आतल्या डोंगरपट्टीत वारली आदिवासी, वेठबिगारीत पिचलेले. त्याच १९४५ साली, त्याच भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला. म्हणजे ताराबाई जिथे मुलांना गाणी शिकवायला गेल्या तो मुलूख काही शांत, सुशेगाद नव्हता.

ग्राम बालशिक्षा केंद्र १९४५ च्या डिसेंबरात सुरू झाले. सोबतीला अनुताई वाघ. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. जिद्दीने शिकल्या, शिक्षिका झाल्या. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. या दोघींची जोडी पुढे ताराबाई जाईपर्यंत फुटली नाही.

बोर्डीत पहिली अडचण साहित्याची नव्हती, मुलांची होती. बालवाडी उघडली म्हणून मुले येतात थोडीच? वरच्या आळीतली आली. हरिजनवाड्यातली येईनात. काही आईबापांना संकोच, काहींना सोयर नाही सुतक नाही, आणि मुले उघडी, शेंबडी, अंगावर खरूज. तेव्हा या बायकांनी साधा विचार केला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे. साहित्याची पेटी डोक्यावर नाहीतर काखेत, आणि थेट वाड्यातल्या अंगणात. अंगण झाडायचे, सडा घालायचा, मुलांना आंघोळी घालायच्या, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि मग गाणे, गोष्ट, खेळ. एका ठिकाणी ठरावीक वेळेला भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी, आणि ही अंगणात जाणारी ती अंगणवाडी. शब्द इतका साधा की आज आपल्याला वाटते तो कायमच मराठीत होता.

आणि साहित्य? दादरचे साहित्य डोक्यावर घेऊन वाड्यावाड्यात फिरणे शक्य नव्हते, आणि दुसरा संच घ्यायला पैसे नव्हते. पण समुद्र होता. शंख-शिंपले लहान-मोठे लावले की तेच लहान-मोठेपणाचे साहित्य. खडे मोजायला. बिया, पाने, फुले रंग आणि आकार ओळखायला. माती तर काय, सगळ्यात जुने खेळणे. खेड्यातल्या मुलाच्या हाताला ओळखीची वस्तू दिली की ते बुजत नाही, आणि मोडली तरी बाईंचा जीव वर-खाली होत नाही. हा दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. महाग वस्तू कपाटात कुलपात राहते. मुलांना लांबून दाखवतात. माझ्या नातवाच्या शाळेत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, शाळेचे नाव विचारू नका.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारल्यांच्या अगदी मध्ये. इथे आणखी एक गाठ होती. शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड. ते सोडून यायचे कुठे? त्यावर उपदेश करून उपयोग नव्हता. ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, मोठी ताई वर्गात. सुट्टी झाली की सगळी भावंडे एकत्र घरी. आणि जी पोरे गुरे राखायला रानात जात त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरे चरतात तिथेच शाळा. म्हणजे परत तेच, तो येत नाही तर आपण जावे.

मला बँकवाला म्हणून याचे फार कौतुक वाटते. राष्ट्रीयीकरणानंतर आम्हाला वरून सर्क्युलरे यायची की खेड्यात जा, लहान माणसाला कर्ज द्या. आम्ही गेलो, टेबल-खुर्ची मांडली आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून रिपोर्ट लिहिला.

ताराबाई काही काळ मुंबईच्या विधिमंडळातही होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशभरात ३३ प्रकल्पांनी. महाराष्ट्रातला पहिला प्रकल्प मेळघाटातल्या धारणीचा, म्हणजे ताराबाई ज्या अमरावतीतून निघाल्या त्याच जिल्ह्यातला. योजनेच्या केंद्रांना नाव अंगणवाडी. हे बघायला त्या नव्हत्या. अनुताईंनी मात्र कोसबाडचे काम पुढे नेले आणि १९९२ मध्ये त्याही गेल्या.

आता माझा भाग.

मी १९७३ सालीच बँकेत लागलो. १९७९ ते ८२ डहाणू तालुक्यात होतो. कर्जाच्या पाहणीसाठी राजदूत मोटारसायकलवरून गावोगाव फिरायचो, कोसबाडच्या टेकडीवर कृषी संस्था होती तिथेही जाणे व्हायचे. अनुताईंना दोन-तीनदा लांबून पाहिले. बोलायचे धाडस झाले नाही. माझी बायको मात्र तिथे जाऊन बसायची. आमचे मूल तेव्हा लहान होते, त्याला घेऊन जायची आणि दिवसभर पाहून संध्याकाळी मला सांगायची. मी पेपर वाचत हूं हूं करायचो.

बदली होऊन आम्ही डोंबिवलीला आलो. १९८४ मध्ये तिने आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत बालवाडी काढली. चाळीतली अकरा मुले. महिना पंधरा रुपये फी, ती पण सगळे देत नसत. एक दिवस तिने माझ्याकडे तीनशे रुपये मागितले. दादरला एका दुकानात दट्ट्यांचे लाकडी ठोकळे बघून आली होती. मी तिला घराच्या कर्जाचा हप्ता, मुलाची शाळा, आईचे औषध, सगळे कागदावर मांडून दाखवले. चूक एकही आकडा नव्हता. पण त्याच महिन्यात मी स्वतःसाठी नवे घड्याळ घेतले होते, ते कागदावर धरले नव्हते. तिच्या ते लक्षात आले होते. ती काही बोलली नाही.

मग तिने काय केले, तर बांबूची एक काठी आणून वखारवाल्याकडून उतरत्या उंचीचे दहा तुकडे करून घेतले. फोटो स्टुडिओतून फिल्मच्या रिकाम्या डब्या आणल्या आणि दोन-दोन डब्यांत सारखेच भरले: मूग, साबुदाणा, वाळू, खडे. हलवून आवाजाची जोडी लावायची. पॉलिश पेपर कापून अक्षरे केली, बोटाने गिरवायला. शिंप्याकडच्या चिंध्या पुठ्ठ्यावर डकवून रंगांच्या जोड्या. माझ्या जुन्या शर्टाचा पुढचा भाग एका चौकटीवर ठोकून बटणे लावायला शिकायची सोय. आणि खोलीचे चार कोपरे चार कामांना: एका कोपऱ्यात चूल-बोळक्यांचे घर, एकात पाणी आणि दोन लोटे, एकात दोरीवर चिमट्यांनी लावलेली चित्रांची पुस्तके, आणि चौथ्यात ठोकळे. मधे गोणपाट. दोन फळांची खोकी आडवी ठेवून त्यांचे कप्पे, मुलाच्या हाताला येतील असे. बँकेतली बाद झालेली व्हाउचरे मागच्या कोऱ्या बाजूने चित्रे काढायला. ती तेवढी मी आणून दिली, माझे योगदान तेवढेच. (कोपरला राहणाऱ्याने कोपऱ्यांवर लिहावे, हा योगायोग आहे, विनोद म्हणून केलेला नाही.)

बालवाडी सोळा वर्षे चालली. आपल्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा बंद झाली. ही २०१९ मध्ये गेली. तिने कधी मला त्या तीनशे रुपयांची आठवण करून दिली नाही, पण बांबूचे तुकडे मात्र कधी टाकले नाहीत.

जूनच्या सभेनंतर दोन दिवसांनी मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. नातवाने खाली धरली. बांबू शाबूत, अक्षरे शाबूत, शर्टाची बटणे तीन तुटलेली. डब्यांतल्या धान्याचे पीठ झाले होते, वाळू आणि खडे जसेच्या तसे. बी विंगमधल्या भगिनींना फोन केला आणि सभेत बोललो त्याबद्दल माफी मागितली. विरोध खर्चाला होता तो कायम आहे, हेही सांगितले. कोटेशन मागे घ्या, ट्रंक घ्या, आणि खोली झाडायला मी येतो.

कमिटीने तात्पुरती परवानगी दिली आहे, वार्षिक सभेपर्यंत, आठवड्यातून दोन सकाळी. आजवरचा एकूण खर्च ३,८६० रुपये. त्यात पंख्याची दुरुस्ती ८५०, चुना आणि रंग १,७००, गोणपाट आणि चटया ६४०, खालच्या बाजूला लावलेला एक आरसा ३५०, बटणे-दोरे-चिमटे आणि किरकोळ ३२०. खोकी फळवाल्याने फुकट दिली. व्हाउचरे खजिनदारांकडे जमा आहेत, कोणालाही पाहता येतील. सध्या नऊ मुले येतात: पाच आपली, चार कामाला येणाऱ्या मंडळींची. चाळीस हजारांच्या शाळेत जाणारा एक नातू सुट्टीच्या दिवशी हट्टाने येऊन बसतो, तो हिशेबात धरलेला नाही.

सर्वसाधारण सभेत हा विषय क्रमांक ७ आहे. एटीएमचे भाडे महिना किती येईल तेही त्या दिवशी मांडले जाईल, आणि ते मीच मांडणार आहे, कारण आकडा लपवून काही मंजूर करून घेणे मला जमणार नाही. ज्यांना विरोधात मत द्यायचे आहे त्यांनी आधी एकदा मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी दहा वाजता खाली यावे, एवढीच विनंती. चपला बाहेर काढून.

डब्या मी नव्याने भरल्या. घरातले मूग संपत आले होते म्हणून एका डबीत मूग आणि तिच्या जोडीला मसूर घातली. दोन्ही डाळीच, मुलांना काय कळणार, असे मनात म्हटले. शुक्रवारी वॉचमनच्या चार वर्षांच्या मुलीने सगळ्या जोड्या लावल्या आणि त्या दोन डब्या बाजूला काढून माझ्या हातात दिल्या. मी म्हटले, अगं, ही जोडीच आहे. तिने परत कानाशी धरून हलवल्या, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. नाही.

मंगळवारी जाताना वाटीभर मूग घेऊन गेलो.